मोठा हीटर नंतर. आधी घर कुठून गार होते ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दुमजली, सपाट छताचे, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे घर. घरात ७४ वर्षांच्या सासूबाई आणि आठ महिन्यांचे बाळ. मागच्या थंडीत वरच्या मजल्यावरच्या खोलीत दिवसभर हीटर चालू ठेवूनही खोली गारच राहिली, सकाळी काचांवरून पाणी ओघळत होते आणि कपाट सरकवल्यावर मागच्या भिंतीवर काळी बुरशी दिसली. यंदा थंडी सुरू होण्याआधी तुम्ही घरातल्या सगळ्या फटी आणि झरोके बंद करणार आहात, त्यांत गॅसचा गीझर असलेल्या न्हाणीघराचा झरोकाही आला, आणि त्यानंतर मोठा हीटर घेणार आहात. तो किती वॅटचा आणि कोणत्या प्रकारचा असावा, एवढेच तुम्ही विचारले आहे.

हीटरचे उत्तर मी देईन, पण ते बरेच खाली येईल. मी गेली २२ वर्षे राहत्या घरांतली ओल आणि उष्णतेची गळती तपासण्याचे काम करते, आणि न्हाणीघराच्या झरोक्याविषयीचे तुमचे वाक्य वाचल्यावर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होणे मला पटले नाही. तो झरोका कृपया बंद करू नका. कारण पुढे सांगते.

तुमच्या तीन तक्रारी, म्हणजे खोली न तापणे, काचांवरचे पाणी आणि कपाटामागची बुरशी, या वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ एकाच ठिकाणी आहे. घरातली ऊब नको तिथून बाहेर जाते आहे आणि घरातली वाफ जायला हवी तिथून जात नाही. अशा घरात सरसकट सगळ्या फटी बुजवल्या तर पहिली तक्रार थोडी कमी होईल, पण उरलेल्या दोन वाढतील. आणि नुसता मोठा हीटर लावला तर विजेचे बिल वाढेल, बुरशी मात्र जिथल्या तिथे राहील. म्हणून तुमचा खरा प्रश्न कोणती फट बुजवायची, कोणती राखायची आणि कोणते काम आधी करायचे हा आहे.

यातल्या काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करते. तुमच्याकडे रात्रीचे तापमान किती खाली जाते आणि अशा रात्री वर्षातून किती येतात, घर स्वतःचे आहे की भाड्याचे, छतावर काम करण्याची मुभा आहे की नाही, यांवर खर्चाचे गणित बदलते. थंडी तीनच आठवड्यांची असेल तर छतावर उष्णतारोधक थर घालण्याची घाई मी करणार नाही. ती चार महिन्यांची असेल तर पहिला पैसा तिथेच घालीन. पुढच्या हिशेबासाठी मी बाहेर ८ अंश आणि आत २० अंश सेल्सिअस धरले आहे. तुमचे आकडे वेगळे असतील तर ते घाला; पद्धत तीच राहील.

आता ऊब जाते कुठे ते पाहू. गरम हवा हलकी असल्यामुळे वर चढते आणि वरच्या फटींतून बाहेर पडते. जेवढी बाहेर पडते तेवढीच गार हवा खालच्या दारांच्या फटींतून आत ओढली जाते. दुमजली घरात जिना हा या प्रवाहाचा राजमार्ग असतो. त्यामुळे खाली बसलेल्या माणसाला पायांना गार झुळूक लागते आणि तो खालच्या दाराशी कापडाची गुंडाळी लावतो, पण ती झुळूक ओढणारी फट बहुतेक वेळा वर, जिन्याच्या टोकाच्या दारात असते. माझ्या अनुभवात लोक कामाला नेमकी उलट्या टोकाने सुरुवात करतात.

हे तपासायला महागडे यंत्र लागत नाही. बाहेर आतल्यापेक्षा बऱ्यापैकी थंडी असेल अशा संध्याकाळी पंखे बंद करा, एक उदबत्ती पेटवा आणि ती दाराच्या चौकटीपासून बोटभर अंतरावर धरून सावकाश फिरवा. पडदे आणि कापड मात्र जरा दूर ठेवा. धूर सरळ वर जात असेल तर तिथे काही नाही. तो वाकला, थरथरला किंवा फटीत ओढला गेला तर तिथे पेन्सिलीने खूण करा. गेल्या वर्षी एका घरात घरमालकांना खिडक्यांचा संशय होता आणि त्यांनी सहा खिडक्या बदलण्याचे दरपत्रकही आणले होते. खिडक्यांपाशी धूर जेमतेम हलला. जिन्यावरच्या दाराखाली मात्र तो वाहत्या पाण्यासारखा आडवा झाला आणि क्षणात दिसेनासा झाला. दार वर्षानुवर्षे उन्हापावसात फुगून आकसले होते, आणि खाली करंगळी जाईल एवढी फट उरली होती. दारभर लांबीची एवढी फट म्हणजे एखादी छोटी खिडकी रात्रंदिवस उघडी ठेवल्यासारखेच झाले.

म्हणून आधी वरून सुरुवात करा. जिन्याचे वरचे दार, छतातून खाली येणाऱ्या नळांच्या आणि वायरींच्या भोवतालची भोके, वरच्या मजल्यावरच्या वातानुकूलन यंत्राच्या नळीभोवतीची जागा, एवढे झाले की खालची बाहेरची दारे आणि शेवटी खिडक्या. उघडमीट होणाऱ्या भागांना फोमची किंवा रबराची चिकटपट्टी, दाराच्या तळाला ब्रशची पट्टी आणि चौकट व भिंत यांच्यामधल्या न हलणाऱ्या भेगेत सिलिकॉन, अशी ढोबळ वाटणी ठेवा. पट्टी चिकटवण्याआधी चौकट ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या. धुळीवर चिकटवलेली पट्टी महिन्याभरात लोंबायला लागते आणि मग लोक पट्टीला दोष देतात. सिलिकॉनलाही कोरडी भिंत लागते, म्हणून हे काम दव पडू लागण्याआधीच उरकावे.

आता जे बुजवायचे नाही त्याविषयी. ज्या खोलीत काहीही जळते, मग ते गॅसचे गीझर असो, स्वयंपाकाची शेगडी असो की धुरांडे असलेली चूल, त्या खोलीची हवेची वाट कायम उघडी राहिली पाहिजे. ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे एवढी साधी असतात की थकवा असेल किंवा सर्दीतापाची कणकण असेल असे समजून माणूस तिथेच बसून राहतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. या व्यवसायात येऊन मला चार-पाच वर्षे झाली होती, आणि आईला आंघोळीच्या वेळी गार वारा लागतो म्हणून मी स्वतःच आमच्या न्हाणीघराच्या झडपांच्या खिडकीवर प्लास्टिक ताणून चिकटपट्टीने पक्के केले होते. गीझर आतच होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आई आतून उत्तर देईना. कडी मोडून आत गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली होती, नळ वाहत होता आणि गीझरची ज्योत निळी नव्हती, पिवळी झाली होती. तिला मोकळ्या हवेत आणले, रुग्णालयात नेले आणि ती वाचली. त्या आठवड्यात आम्ही गीझर बाहेरच्या भिंतीवर बसवून घेतले. तुम्हीही तेच करावे, किंवा आत ठेवायचे असेल तर विजेचे घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तोपर्यंत झरोका उघडा ठेवा, बादली आधी भरून घ्या, गीझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा अलार्म गॅस जळणाऱ्या जागेजवळ आणि झोपण्याच्या खोलीत बसवा. धुराचा अलार्म हे काम करत नाही, दोन्ही वेगळे असतात. आणि कितीही थंडी असली तरी कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले बंद खोलीत आणू नका.

खिडकीच्या चौकटीच्या खालच्या बाजूला बाहेरून जी बारीक छिद्रे दिसतात तीही बुजवू नका. चौकटीत साचलेले पाणी निघून जावे म्हणून ती ठेवलेली असतात.

आता बुरशीकडे वळते, कारण बाळाच्या आणि सासूबाईंच्या श्वासाच्या दृष्टीने मला तिची काळजी हीटरपेक्षा जास्त वाटते. पहिला प्रश्न हा की भिंतीत बाहेरून पाणी शिरते आहे, की खोलीतली वाफ गार भिंतीवर जमते आहे. यासाठी एक जुनी युक्ती आहे. हातभर लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा त्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून हवाबंद चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब दिसले तर ओल भिंतीतूनच येते आहे. मग छत, नळ आणि बाहेरचे प्लास्टर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. थेंब खोलीकडच्या बाजूला दिसले तर वाफ खोलीतली आहे. दोन्हीकडे दिसले तर दोन्ही रोग आहेत, आणि तसेही बऱ्याचदा आढळते. तुमच्या वर्णनावरून, विशेषतः काचांवरचे पाणी आणि कपाटाच्या आडची नेमकी जागा पाहता, मला दुसरी शक्यता अधिक वाटते. पण अंदाजावर विसंबू नका, प्लास्टिक लावून पाहा.

बुरशीला ओघळणारे पाणी लागत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते तिच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे ते प्रमाण, ८० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिले की बुरशीला तेवढे पुरते. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंशांच्या पृष्ठभागावर दव जमते, आणि ते आपल्याला काचेवर दिसते. परंतु भिंत सुमारे १५.५ अंशांच्या खाली गेली की तिच्यालगतची हवा ८० टक्क्यांवर पोहोचलेली असते, म्हणजे हाताला कोरडी लागणारी भिंतही बुरशीला राहण्याजोगी झालेली असते. त्याच खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांवर आणली तर ही मर्यादा साधारण १२.५ अंशांवर येते. भिंत तीन अंशांनी गरम करणे किती खर्चाचे आहे याचा विचार केला, तर हवा थोडी कोरडी ठेवणे हा केवढा स्वस्त उपाय आहे ते लक्षात येईल. कपाट भिंतीला चिकटून असले की खोलीची ऊब त्यामागे पोहोचत नाही आणि ती जागा सर्वांत गार राहते. म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. शक्य असेल तर आतल्या भिंतीला लावा.

ही वाफ येते कुठून? झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला अंदाजे ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार माणसे आठ तास झोपली की सव्वा लिटर झाले. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते. आणि तान्हे बाळ असलेल्या घरात जो हिशेब सगळे विसरतात तो कपड्यांचा. एका घरी मी पिळलेल्या कपड्यांची बादली वजनकाट्यावर ठेवायला लावली आणि दुसऱ्या दिवशी तेच कपडे वाळल्यावर पुन्हा वजन केले. फरक दोन किलोंपेक्षा थोडा जास्त भरला. ते दोन लिटर पाणी कुठे गेले असे विचारल्यावर त्या घरातल्या आजींनी काही न बोलता काचेकडे बोट दाखवले. दुपट्यांचे वाळवण झोपायच्या खोलीत घालू नका. बाहेर ऊन नसेल तर एकाच खोलीत दोरी बांधा, तिचे आतले दार लावून घ्या आणि खिडकी थोडी उघडी ठेवा.

हीटरजवळ पाण्याचे भांडे ठेवावे, असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. हीटर हवा कोरडी करतो आणि प्राणवायू खातो, अशी त्यामागची समजूत. विजेचा हीटर प्राणवायू वापरत नाही आणि हवेतले पाणीही काढून घेत नाही. हवा तापल्यामुळे तिची पाणी धरण्याची क्षमता वाढते, म्हणून सापेक्ष आर्द्रता कमी दिसते, इतकेच. ज्या घरात बुरशी आहे तिथे ते भांडे म्हणजे बुरशीला पाणी घालणे आहे.

मग थंडीत खिडक्या उघडायच्या का? हो, पण थोडा वेळ आणि सताड. बाहेरची ८ अंशांची, ९० टक्के दमट हवा आत येऊन २० अंशांना तापली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे बाहेर धुके असले तरी ती हवा तुमच्या खोलीला कोरडेच करते. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी समोरासमोरच्या खिडक्या पाच ते दहा मिनिटे पूर्ण उघडा. त्या वेळी सासूबाई आणि बाळ दुसऱ्या खोलीत असू द्या. खोलीत मावणारी, म्हणजे समजा ३६ घनमीटर, गार हवा पुन्हा तापवायला हजार वॅटच्या हीटरला साधारण नऊ मिनिटे लागतात, कारण भिंती आणि सामान यांत साठलेली ऊब एवढ्या थोड्या वेळात जात नाही. उलट दिवसभर बोटभर उघडी ठेवलेली खिडकी हवाही नीट बदलत नाही आणि आपल्याभोवतीची भिंत गार करून तिथेच बुरशीला जागा करून देते. स्वयंपाक चालू असताना आणि नंतर पंधरा मिनिटे एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा. न्हाणीघरातला पंखा मात्र आत गीझर जळत असताना लावू नका, कारण तो जळलेला वायू खोलीतच मागे ओढू शकतो. आंघोळ झाल्यावर लावा.

असलेली बुरशी काढताना खिडकी उघडी आणि खोलीचे आतले दार बंद ठेवा, नाकावर चांगला मास्क आणि हातात मोजे घाला, आणि साबणाच्या पाण्याने ओले केलेल्या फडक्याने पुसा. कोरड्या ब्रशने घासू नका, त्याने बीजाणू खोलीभर उडतात. ब्लीच वापरायचेच असेल तर ते आम्लाच्या किंवा अमोनियाच्या कोणत्याही द्रावणात मिसळू नका, विषारी वायू निघतो. भिंत पूर्ण वाळेपर्यंत रंग लावण्याची घाई करू नका. बुरशीवर लावलेला रंग दोन महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो.

आतापर्यंतचा क्रम पुन्हा सांगते, कारण तो उलटला की खर्च वाढतो: जळणाऱ्या गोष्टींची हवा आधी निर्धोक करा, मग वरच्या फटी, मग खालच्या, त्याच सुमारास वाफेचा बंदोबस्त, त्यानंतर छत आणि काचा, आणि सर्वांत शेवटी हीटर.

छताविषयी तुम्ही काही विचारले नाही, पण वरच्या मजल्याची खोली न तापण्याचे मोठे कारण माझ्या मते तेच असावे. त्यासाठी एका खोलीचा हिशेब मांडून दाखवते. खोली चार मीटर लांब, तीन रुंद, तीन उंच. चार मीटरची एकच भिंत बाहेरची, तिच्यात दोन चौरस मीटरची खिडकी. विटांच्या नऊ इंची भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरमधून आतबाहेर एका अंशाचा फरक असताना सुमारे २ वॅट जातात, एकेरी काचेतून ५.७, आणि वर कोणताही रोधक थर नसलेल्या काँक्रीटच्या छतातून साधारण ३. फरक १२ अंशांचा आहे. तेव्हा भिंतीतून २४० वॅट, काचेतून १३७, छतातून ४३२, आणि फटींमुळे खोलीतली हवा तासाला तीनदा बदलत असेल तर तिच्यासोबत ४२८. एकूण १,२३७ वॅट झाले. आता काच आणि भिंत तशाच ठेवून फक्त फटी बुजवल्या, हवेची अदलाबदल तासाला एकदा एवढी राखली आणि छताला रोधक थर देऊन तिथली गळती ३ वरून ०.६ वर आणली, तर तीच बेरीज ६०६ वर येते. मागच्या वर्षी अपुरा पडलेला तुमचा हीटर यंदा पुरेसा ठरू शकतो, तो असा.

छताचा रोधक थर शक्यतो वरून घालावा आणि जलरोधक कामासोबत घालावा, म्हणजे काँक्रीट उबेच्या बाजूला राहते. खालून तक्तपोशी करून आत खनिज लोकर भरणे सोपे दिसते, परंतु खोलीतली वाफ त्या तक्तपोशीतून वर जाऊन गार काँक्रीटवर जमते आणि आपल्या नजरेआड तिथेच बुरशी धरते. खालूनच करायचे असेल तर खोलीच्या बाजूला वाफ अडवणारा सलग पडदा हवा, आणि दिव्यांसाठी त्याला भोके पाडायची नाहीत. हे काम जाणकार माणसाकडूनच करून घ्यावे. यंदा खर्च जमत नसेल तर सासूबाई आणि बाळ यांची झोपण्याची सोय थंडीपुरती खालच्या मजल्यावर करा. हा सल्ला ऐकून लोक थोडे हिरमुसतात, कारण त्यांना काहीतरी विकत घ्यायचे असते. पण छत उघड्यावर असलेल्या खोलीपेक्षा जिच्या डोक्यावर दुसरी खोली आहे ती खोली काहीही न करता अधिक उबदार असते.

खिडक्यांबाबत थोडक्यात सांगते. काच बदलण्याआधी आतल्या बाजूने चौकटीवर पारदर्शक फिल्म ताणून पाहा. काच आणि फिल्म यांच्यात साधारण दीड सेंटिमीटर स्थिर हवा राहिली की बराच फरक पडतो. हवा बदलण्यासाठी जी खिडकी रोज उघडायची तिला फिल्म लावू नका. जाड पडदे सूर्यास्ताला ओढा आणि ऊन आले की पूर्ण बाजूला करा. पडद्यामागची काच आणखी गार होते, त्यामुळे सकाळी तिथे जास्त पाणी दिसेल. ते पुसून फडके खोलीबाहेर पिळा.

आता हीटर. तार तापवणारा कोणताही विजेचा हीटर घेतला तरी एका युनिटमधून मिळणारी उष्णता सारखीच असते, मग त्याच्या खोक्यावर काहीही छापलेले असो. फरक ती उष्णता कशी मिळते यात आहे. लाल होणारा हीटर समोर बसलेल्या माणसाचे अंग तापवतो, हवा फारशी नाही. सासूबाई एका खुर्चीत बसून वाचत असतील तर तो उपयोगी, पण रांगायला लागलेल्या बाळाच्या घरात तो मला नको वाटतो. पंख्याचा हीटर लवकर ऊब देतो आणि लवकर गार होतो. तेल भरलेला रेडिएटर सावकाश तापतो, आवाज करत नाही आणि त्याची तार उघडी नसते; रात्रभर थर्मोस्टॅटवर चालवायला मी तोच सुचवते, मात्र त्याचा पत्राही बाळाच्या हाताला भाजू शकतो, म्हणून भोवती जाळी हवी. उष्णता देण्याची सोय असलेले वातानुकूलन यंत्र घरात असेल तर आधी ते वापरा, कारण ते उष्णता तयार न करता बाहेरून आत आणते आणि एका युनिटमागे दोन-तीन युनिटांएवढी ऊब देऊ शकते.

२,००० वॅटचा हीटर २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर जवळपास ८.७ अँपिअर वीज ओढतो. तो दिव्या-पंख्याच्या लहान सॉकेटमध्ये किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका; १५-१६ अँपिअरचे, अर्थिंग असलेले सॉकेटच वापरा. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने हीटर बंद करून प्लग काढा आणि तो हाताला कसा लागतो ते पाहा. गरम लागला किंवा सॉकेटभोवती पिवळट-तपकिरी डाग दिसला, तर आतले जोड सैल आहेत. वायरमनला बोलावल्याशिवाय पुन्हा लावू नका. पडदे, गादी आणि वाळत घातलेले कपडे यांपासून हीटर एक मीटर दूर असावा.

तापमान किती ठेवावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घर आणि आरोग्य यांविषयीची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत थंड हवामानात घरातले तापमान किमान १८ अंश असावे असे म्हटले आहे, आणि वृद्ध व लहान मुलांना त्याहून थोडे अधिक लागू शकते. वय वाढले की थंडीची जाणीव बोथट होते, म्हणून सासूबाई ‘मला काही थंडी वाजत नाही’ म्हणाल्या तरी तापमापक पाहा. बाळाच्या बाबतीत उलट चूक होते: खोली नको इतकी तापवली जाते आणि वर दोन गोधड्या पडतात. तान्ह्या बाळाला सैल पांघरुणापेक्षा अंगाबरोबर बसणारे दोन थर बरे; पाळण्यात गरम पाण्याची पिशवी किंवा विजेची गादी नको, आणि पाळणा बाहेरच्या भिंतीपासूनही दूर हवा, हीटरपासूनही.

रात्री पारा शून्याखाली जात असेल तरच उघड्यावरच्या नळांची चिंता करा. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगते आणि बर्फाचा बोळा व बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब नळ फोडतो. म्हणून छतावरच्या नळांना फोमची नळी चढवा आणि मुख्य झडप कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. धुरांड्याची चूल असेल तर ती पेटवण्याआधी धुरांड्यातली काजळी काढून घ्या.

यंदाच्या खरेदीत माझी पहिली वस्तू तापमान आणि आर्द्रता एकत्र दाखवणारे छोटे मापक असेल, शक्यतो दोन. एक वरच्या खोलीत, एक सासूबाईंच्या उशाशी ठेवा, आणि थंडीच्या पहिल्या आठवड्यात हीटर न लावता सकाळी सहा व रात्री दहा वाजता दोन्हींचे आकडे वहीत लिहा. फटी बुजवल्यावर पुन्हा आठवडाभर लिहा. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर चढलेली दिसली तर जास्त बुजवले गेले आहे असे समजा आणि खिडक्या उघडण्याची वेळ वाढवा. ती चार-पाच पाने समोर असली की हीटर हजार वॅटचा लागेल, दोन हजारांचा लागेल की आहे तोच पुरेल, हे ठरवायला पाच मिनिटेही लागणार नाहीत.